क्षेत्र, गिरिस्थान आणि बाजार

दिवाळीची सुटी, नाताळचा आठवडा आणि मे महिना आला की वाईचा पसरणी घाट वाहनांनी भरून जातो. पाचगणीमार्गे महाबळेश्वरकडे सरकणाऱ्या त्या रांगांत बहुसंख्य कुटुंबे मध्यमवर्गीय असतात. वर्षभर कार्यालय, शाळा आणि शिकवण्या यांत विभागले गेलेले घर चार दिवस एकत्र राहावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते आणि ती सर्वस्वी रास्त आहे. पूर्वी या चार दिवसांचा क्रम ठरलेला असे: सकाळी एखादे टोक पाहावे, दुपारी वेण्णा तलावात नाव वल्हवावी, सायंकाळी बाजारपेठेतून चणे आणि चिक्की घेऊन मुक्कामी परतावे. गेल्या काही वर्षांत या क्रमात एका नव्या स्थळाची भर पडली आहे, ते म्हणजे कौटुंबिक मनोरंजन व खरेदी संकुल. एकाच छताखाली यंत्रखेळ, धडकगाड्या, भुताची खोली, खाण्याची दालने आणि दुकानांच्या ओळी. ही संकुले आता देशातील बहुतेक सर्व थंड हवेच्या ठिकाणी दिसतात. तेव्हा त्यांचा विचार एखाद्या गावापुरता न करता आपल्या समाजाच्या जीवनपद्धतीच्या अंगाने करणे आवश्यक आहे.

महाबळेश्वराचा इतिहास तीन थरांचा आहे. पहिला थर क्षेत्राचा. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम येथे मानला जातो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाने कृष्णेच्या उगमापाशी मंदिर व कुंड बांधल्याचे सांगितले जाते. ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी, छत्रपती शिवाजी महाराजांनी मातोश्री जिजाऊंची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री. येथून जवळच प्रतापगड आहे, जेथे १० नोव्हेंबर १६५९ रोजी स्वराज्यावरील प्राणसंकट दूर झाले. दुसरा थर गिरिस्थानाचा. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, १८२९ मध्ये, सातारच्या छत्रपतींशी करार करून इंग्रजांनी ही जागा घेतली आणि येथे ‘माल्कम पेठ’ वसवली. सिंडोल्याच्या टेकडीला विल्सनचे नाव मिळाले, अन्य कड्यांना आर्थर, केट आणि एल्फिन्स्टन यांची नावे चिकटली. उन्हाळ्याने त्रासलेल्या साहेबाला विश्रांती हवी होती. या डोंगराशी त्याचे दुसरे कोणतेही नाते नव्हते, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करता येणार नाही.

तिसरा थर आज रचला जात आहे, तो बाजाराचा. साहेब गेला, परंतु डोंगराकडे केवळ सुखाचे साधन म्हणून पाहण्याची त्याची दृष्टी आपण जशीच्या तशी उचलली. इतकेच नव्हे, तर त्याच्याही पुढे गेलो. साहेब निदान कड्यावर उभा राहून दरी पाहत असे. संकुलात शिरणाऱ्या कुटुंबाला दरी दिसत नाही, धुके दिसत नाही, जांभळा-हिरड्याचे रान दिसत नाही. बंद दालनातील दिवे आणि गोंगाट पुण्याच्या किंवा ठाण्याच्या कोणत्याही मॉलमध्ये मिळतो तोच असतो. घराजवळ जे सहज मिळते त्यासाठी सुमारे साडेचार हजार फुटांची उंची का गाठायची, हा प्रश्न कुटुंबप्रमुखाने स्वतःला एकदा तरी विचारला पाहिजे.

मनोरंजन हे पाप आहे, असे हिंदू समाजाने कधीही मानले नाही. आपल्या गावोगावच्या जत्रा पाहाव्यात. पाळणे, खेळण्यांची दुकाने, रेवड्या-बत्तासे, कुस्त्यांचे फड, तमाशाचे तंबू, बैलबाजार हे सारे जत्रेत होते आणि आहे. परंतु जत्रेला ग्रामदैवताचा केंद्रबिंदू असतो. आधी दर्शन, मग पालखी, मग बाजार असा तिचा क्रम असतो. सासरी गेलेली लेक, शहरात नोकरीस असलेला धाकटा भाऊ, अठरापगड जातींचे मानकरी त्या निमित्ताने एकत्र येतात. खर्च होतो, पण तो नात्यांच्या अंगाने होतो. संकुलाला असा केंद्रबिंदू नाही. तेथे प्रत्येक वाट गल्ल्यापाशी संपते.

‘कौटुंबिक’ या विशेषणाचीही तपासणी झाली पाहिजे. दारातून एकत्र शिरलेले कुटुंब आत गेल्यावर एकत्र राहते काय? मुले यंत्रांपुढे उभी राहतात आणि पत्ता संपला की पुन्हा पैसे मागतात. आई दुकानांच्या ओळीत फिरते. वडील बाकावर बसून भ्रमणध्वनीत डोके घालतात. आजी-आजोबांच्या वाट्याला सामानाची राखण येते. वयानुसार आणि खर्चाच्या ऐपतीनुसार घराची वाटणी झालेली असते, कारण असे विभागलेले गिऱ्हाईक अधिक खर्च करते. ज्या कारणासाठी सहल काढली, ते कारणच दारात राहून जाते. मुलाला हट्ट केल्यावर वस्तू मिळते हा एकच संस्कार पक्का होतो. आजोबांकडे प्रतापगडाची गोष्ट असते, परंतु ती ऐकायला कोणी थांबत नाही.

प्रश्न केवळ संस्कारांचा नाही, सुरक्षिततेचाही आहे. २५ मे २०२४ रोजी राजकोट येथील एका खेळ-संकुलास आग लागून पंचविसाहून अधिक जणांचा बळी गेला. त्यांत लहान मुले होती. सुटीचा दिवस होता आणि घरोघरची माणसे आनंदासाठीच तेथे गेली होती. घाटमाथ्यावरील गावांत रस्ते अरुंद आणि हंगामात गच्च भरलेले असतात. अशा ठिकाणी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक संकुलाच्या अग्निसुरक्षेची तपासणी कागदावर नव्हे, प्रत्यक्ष जागेवर झाली पाहिजे. बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोठे आहे, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे.

याहून मोठी चिंता डोंगराची आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र शासनाने २००१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम घोषित केला. जवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या निवडक स्थळांसह जागतिक वारसा यादीत गेले. जांभ्याची पठारे पावसाळ्यात पाणी मुरवतात आणि झऱ्यांच्या रूपाने ते हळूहळू सोडतात. त्यावर काँक्रीट पसरले की तेच पाणी उतारावरून धावत सुटते. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवसांत आंबेनळी घाटाचा रस्ता खचला, पाटण तालुक्यात आणि महाड तालुक्यातील तळिये येथे दरडींखाली वस्त्या गाडल्या गेल्या. इतका पाऊस अंगावर घेणाऱ्या या डोंगरांतील वाड्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, हे विरोधाभासी वाटले तरी सत्य आहे. येथे उगम पावणारी कृष्णा महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेशाची भूमी भिजवत बंगालच्या उपसागरास मिळते. उगमापाशी केलेल्या अविवेकाचे मोल तिच्या काठावरील सर्वांना मोजावे लागते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. डोंगरातील तरुणाला रोजगार हवा. पर्यटक आला नाही तर त्याने मुंबईची वाट धरायची काय? हा प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याचे उत्तरही त्याच तालुक्यात आहे. भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ उभे राहिले. ग्रामस्थांनी आपल्या घरांची दारे वाचकांसाठी उघडली. मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. येथील स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या तिन्ही ठिकाणी मालक गावकरी आहे आणि पैसा गावात राहतो. बाहेरच्या भांडवलावर उभ्या राहणाऱ्या संकुलात मात्र त्याच गावकऱ्याच्या वाट्याला हंगामी चाकरी येते. स्वावलंबन आणि परावलंबन यांतील हा भेद आहे. पर्यटनास विरोध करण्याचे कारण नाही, त्याला दिशा देण्याची निकड आहे.

ही निकड आजची आहे. सातारा जिल्ह्यातील शेकडो गावांत ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थान उभारण्याची योजना शासनाने पुढे नेली आहे. जुन्या महाबळेश्वरावरील भार हलका व्हावा, हा तिचा घोषित हेतू स्वागतार्ह आहे. परंतु जुन्या ठिकाणी झालेल्या चुकांची मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती होणार असेल, तर त्याला विकास म्हणता येणार नाही. डोंगराची धारणक्षमता किती, पाणी कोठून येणार, मैला आणि कचरा कोठे जाणार, जमीन कोणाच्या नावावर राहणार, याची उत्तरे आधी मिळाली पाहिजेत. ग्रामसभांचे मत विचारात घेतल्याविना एक दगडही हलता कामा नये.

शासनाकडे बोट दाखवून समाजाची सुटका होत नाही. पंचगंगा मंदिराच्या परिसरात पडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कोणा परक्याने टाकलेल्या नसतात. क्षेत्री जाणारा भाविक आणि संकुलात जाणारा पर्यटक ही बहुधा एकच व्यक्ती असते. रा. स्व. संघाने शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, स्व-बोध आणि नागरिक कर्तव्य यांचा समावेश आहे. एका सहलीत या चारही विषयांची परीक्षा होते. कार्यकर्त्यांनी आपल्या घरापासून आरंभ करावा. पहिली सकाळ क्षेत्र महाबळेश्वरासाठी राखावी आणि मुलांना पाच नद्यांच्या वाटा नकाशावर दाखवाव्यात. एक दिवस प्रतापगड चढण्यात जावा. मुक्काम शक्यतो गावकऱ्याच्या घरी असावा आणि खरेदी त्याच्या शेतातून, त्याच्या मधपेटीतून व्हावी. आणलेला कचरा परत न्यावा. एवढे करून उरलेल्या सायंकाळी मुले तासभर धडकगाडीत बसली तर त्यात काही बिघडणार नाही. क्रम मात्र उलटा होता कामा नये.

आत्मविस्मृत समाजाला आपली तीर्थेही केवळ सहलीची ठिकाणे वाटू लागतात. दर १२ वर्षांनी गुरू कन्या राशीत येतो, तेव्हा गंगा कृष्णेच्या भेटीस येते, अशी आपली श्रद्धा आहे. पुढील कन्यागत पर्व २०२८ मध्ये आहे. तोवर उगमापाशी निर्मळ पाणी आणि त्याच्या माथ्यावर रान शिल्लक राहील, याची जबाबदारी घाट चढून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने स्वीकारली पाहिजे.