जलपर्णीनंतर काय?

सोलापुरातील विजापूर रस्त्यावरील कंबर तलावातून, म्हणजेच धर्मवीर संभाजी तलावातून, जलपर्णी उपसण्यासाठी वेळोवेळी जे श्रम व द्रव्य खर्ची पडते, ते मोकळ्या झालेल्या काठावर देशी पाणवनस्पती रुजविल्याखेरीज निष्फळच ठरेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीचे बी चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहत असल्यामुळे, सांडपाण्याचे खत मिळत असेतो, कमळ, कुमुद आणि पाणकणीस यांची जागा पुन्हा तिच्याच कबजात जाते. देशी रोपे लावण्याच्या श्रमदानाला शहरातील नवी पेठेतून माणसे मिळतील, छायाचित्रापुरती येणारी वगळूनही. पण त्यांच्या हातची रोपे निगराणीवाचून सोडणे ही त्या श्रमांची थट्टा होय.

महानगरपालिकेने प्रथम सांडपाण्याचे नाले अडवावेत, लागवडीचा व निगराणीचा लेखी हुकूम काढावा आणि पावसाळ्यापूर्वी त्याची अंमलबजावणी करावी.