दुसऱ्याचे गाणे, आपला गळा

गेल्या महिन्यात स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी आम्हा शिक्षकांची बैठक भरली असता एक सूचना पुढे आली. ज्या गाण्यांवर थोर गायकांच्या नावाची मोहोर उठलेली आहे, ती गाणी यापुढे गायनस्पर्धेत मुलांना म्हणू देऊ नयेत, अशी ती सूचना होती. सूचना करणारे आमचे सहकारी गाण्याचे खरे दर्दी आहेत. बालगंधर्वांचे पद कोवळ्या गळ्यातून फरफटत बाहेर पडलेले ऐकले की त्यांना यातना होतात, आणि त्या यातना खोट्या नाहीत. तरीही मी त्या सूचनेला विरोध केला. बैठकीत वेळ थोडा होता, चहाही आलेला होता, आणि माझे म्हणणे अर्धवटच राहिले. तेच येथे सविस्तर मांडतो.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी याच स्पर्धेचा मी एक परीक्षक होतो. आठवीतल्या एका मुलीने 'स्वयंवर' नाटकातील एक पद म्हटले. शिकवावयास कोणी नसल्यामुळे तिने ते मोबाइलवर ऐकून ऐकूनच बसविले होते. मुरकी, हरकत, तान, सारे जिथल्या तिथे होते. मध्येच ती चार-पाच क्षण गप्प उभी राहिली आणि तबला वाजविणारा मुलगा गोंधळला. मागाहून मी ते ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा उलगडा झाला. ते एका मैफलीचे होते, आणि नेमक्या त्या जागी श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्यामुळे गायक थांबलेला होता. बिचारीने टाळ्यांसकट गाणे पाठ केले होते! आरंभी पेटी वाजविणाऱ्या गुरुजींनी तिला विचारले होते, "बाय, तुजी पट्टी खंयची?" तिने सरळ उत्तर दिले, "रेकॉर्डाची." त्या पट्टीत अंतऱ्यातला तारषड्ज काही तिला झेपला नाही. आवाज चिरला आणि मागच्या रांगांतून हसण्याचा आवाज आला.

मी गुणपत्रिकेवर 'नक्कल' एवढा एकच शब्द लिहिला आणि गुण कापले. शब्द खोटा नव्हता. परंतु दुसऱ्या दिवशी ती वर्गाच्या दाराशी येऊन म्हणाली, "सर, म्हजें कितें चुकलें? हांवें सगळें तशेंच म्हळ्ळें." मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्यानंतर पुरते वर्षभर ती कोणत्याही कार्यक्रमात गावयास उभी राहिली नाही. शुक्रवारच्या प्रार्थनेतदेखील तिचे ओठ तेवढे हलत. सर्व काही 'तशेंच' म्हणणे हीच जर चूक असेल, तर मग म्हणावयाचे तरी कसे, हे तिला सांगण्याची जबाबदारी माझी होती. आता सहकाऱ्यांची सूचना स्वीकारली तर ती जबाबदारी आपण सगळेच कायमची झटकून टाकू, असे मला वाटते.

आपण ज्यांना 'मूळ' म्हणतो ती गाणी तरी कितपत मूळ असतात? कोणाच्या घरी संगीत नाटकाचे जुने छापील पुस्तक असेल तर उघडून पाहा. पुष्कळ पदांच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून पुढे एखाद्या दुसऱ्याच गाण्याचे आरंभीचे शब्द दिलेले आढळतील. 1880 साली 'शाकुंतल' आणि 1882 साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर कर्नाटकातले. कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावण्या, कानडी पदे, जे जे कानी पडले त्यातून त्यांनी चाली घेतल्या. पुढे 1916 साली 'स्वयंवरा'ला चाली दिल्या त्या भास्करबुवा बखल्यांनी. त्यांनी तर ख्यालगायकीतल्या बंदिशीच मराठी शब्दांना नेसविल्या. आमच्या मुलीने जे पद म्हटले ते बालगंधर्वांच्या कंठात येण्याआधी किती घराण्यांच्या कंठांतून फिरून आले असेल, याची गणती कोण करणार? ख्यालाची बंदिश तर एकाच गळ्यापुरती राहिली की मेलीच म्हणावयाची. आपल्याच गोव्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर आणि त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर या मायलेकींचे घराणे एक, तालीम एक. पण दोघींचे गाणे ऐकून पाहा. लेकीने आईची विद्या घेतली आणि ती वेगळ्याच वाटेने नेली. तिच्यावर टीका पुष्कळ झाली, पण म्हणून तिने ती वाट सोडली नाही.

तेव्हा दुसऱ्याचे गाणे गाऊ नये, हे म्हणणे आपल्या संगीताच्या मुळावरच येणारे आहे. प्रश्न राहतो तो कसे गावे याचा, आणि याचे उत्तर देण्यास मला कुमार गंधर्वांहून अधिक योग्य माणूस दिसत नाही.

बेळगावजवळच्या सुळेभावी गावात 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा लहानपणी कशासाठी प्रसिद्ध होता, ठाऊक आहे? नकलेसाठी! मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. लोक तोंडात बोटे घालीत. त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली ती त्या कोवळ्या वयातच. आजच्या काळात तो जन्मला असता तर दूरदर्शनवरच्या एखाद्या स्पर्धेत पहिला येऊन पुढच्या वर्षी विसरलाही गेला असता, असे माझ्या मनात येते. सुदैवाने तो मुंबईस देवधर मास्तरांच्या हाती लागला. तेथे स्वर कसा लावावा आणि राग कसा समजून घ्यावा, हे तो शिकला. पुढे ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. हवापालटासाठी देवासला जावे लागले आणि पाच-सहा वर्षे गाणे संपूर्ण बंद झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी तेवढी कानी येत. त्या मौनातून ते उठले तेव्हा त्यांचे गाणे दुसऱ्या कोणाच्याही गाण्यासारखे राहिले नव्हते.

याच कुमारांनी 1965 साली बालगंधर्वांची पदे घेऊन एक कार्यक्रम केला. त्या वेळी बालगंधर्व हयात होते. कार्यक्रमाचे नाव होते 'मला उमजलेले बालगंधर्व'. या नावातला 'उमजलेले' हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, अशी माझी इच्छा आहे. बालगंधर्वांसारखे गाऊन दाखवितो, असे कुमारांनी म्हटले नाही. लहानपणी ज्याने साऱ्यांच्या नकला केल्या, त्याला ही नक्कलही सहज साधली असती. त्यांनी पदे तीच घेतली, शब्दही तेच ठेवले. एखादे ओळखीचे घर आपण रोज सकाळी पाहावे आणि एके दिवशी तेच संध्याकाळच्या उन्हात पाहावे, तसे ते ऐकताना वाटते. कोठेही अनादर नाही. उलट, इतका विचार करण्यायोग्य हे गाणे आहे, याहून मोठा आदर तो कोणता?

'गीतरामायणा'चे उदाहरण थोडे निराळे. गदिमांची ती 56 गीते 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून प्रथम निघाली, तेव्हा माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे अशा वेगवेगळ्या कंठांतून ती लोकांनी ऐकली. पुढे संगीतकार सुधीर फडके ती सारी स्वतःच गाऊ लागले. राम तेच, सीताही तेच, कौसल्याही तेच! कोणा श्रोत्याने हरकत घेतल्याचे मी ऐकले नाही. आज ही गीते देवळांच्या सभामंडपांतून हौशी मंडळी म्हणतात, कोंकणीतही ती आलेली आहेत. गाणारा त्या पात्राचे मन जाणून गात असला, तर कंठ कोणाचा हे आपण दुसऱ्याच ओळीला विसरतो.

येथे थोडे स्वतःविषयी. माझ्या घरची भाषा कोंकणी. आईने मला रागे भरले ते कोंकणीत, आणि देवासमोर उभे केले ते मराठी अभंग म्हणावयास. तुकोबांची भाषा मी उसनी आणलेली आहे असे मला एकदाही वाटले नाही. भीमसेन जोशींची मायबोली कानडी. त्यांनी तेच अभंग गायिले आणि पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याने ते आपले म्हणून ऐकले. दुसऱ्याच्या गाण्याला हात लावू नये असा दंडक असता, तर माझ्यासारख्याच्या वाट्याला काय उरले असते?

तर मग कोणतेच गाणे वर्ज्य नाही काय? आहे. आमच्या सहकाऱ्यांशी येथे माझे थोडे जमते, फक्त त्यांची यादी निराळी आणि माझी निराळी.

राष्ट्रगीत घ्या. ते सर्वांनी गावयाचे, पण कोणी आपल्या ढंगाने गावयाचे नाही. त्याची चाल आणि सुमारे 52 सेकंदांचा त्याचा वेळ ठरलेला आहे. तेथे हरकती घेणारा गवई कितीही मोठा असो, तो सर्वांच्या रांगेतून एकटाच पुढे घुसलेला दिसतो. हे गाणे 'आपले' करावयाचे नाही, कारण ते आधीच सगळ्यांचे आहे.

धालोंच्या बाबतीत मात्र माझे मन द्विधा होते. पौषातल्या रात्री मांडावर समोरासमोर दोन रांगा करून बायका जी गाणी म्हणतात, ती त्या मांडाची, त्या रात्रींची आणि त्या बायकांची आहेत. त्यांतले चार तुकडे उचलून, खाली यंत्राचा ठेका घालून, चार मिनिटांत रंगमंचावर संपविलेले पाहिले की मला ते देवघरातली समई दुकानाच्या काचेत मांडल्यासारखे वाटते. माझी आजी जात्यावरची ओवी जात्यावाचून म्हणत नसे. आम्ही हट्ट धरला तर "हात हालल्याबगर ताळो येना" म्हणे. पण आज घराघरांतले जाते अंगणात उपडे पडले आहे. ओवी आता जात्याची वाट पाहत बसली तर ती कायमचीच गप्प होईल. म्हणून माझे म्हणणे इतकेच, की ही गाणी घ्यावयाची असतील तर आधी मांडावर जाऊन, जी म्हातारी ती म्हणते तिच्या पायाशी बसून, तिच्या अनुमतीने घ्यावी. मोबाइलवरून नव्हे.

आणि एक प्रकार मला मुळीच सहन होत नाही. तो म्हणजे नाव पुसून घेतलेले गाणे. पलीकडच्या काठावर लग्नाला जाण्यासाठी नावाड्याची मनधरणी करणारी आपली एक कोंकणी देखणी आहे. 1973 सालच्या 'बॉबी' चित्रपटातल्या एका गाण्यात तिचे धृपद आले आणि देशभर पोहोचले. याचा मला आनंदच आहे. पण परवा वर्गात विचारले तर निम्म्या मुलांनी ते धृपद मूळचे चित्रपटातलेच, असे सांगितले. गोव्यातल्या मुलांनी! जुने नाटककार एका शब्दात 'चाल' लिहून ऋण मान्य करीत. तेवढा एक शब्द जेथे नाही, तेथे गाणे कितीही गोड असो, माझ्या तोंडाला त्याची चव येत नाही.

आता तर यंत्रेही गाऊ लागली आहेत. दिवंगत गायकाचा आवाज संगणक हुबेहूब काढतो, आणि न गायिलेले गाणे त्याच्या नावावर ऐकू येते. हुबेहूबपणालाच आपण बक्षिसे देत राहिलो तर पुढच्या स्पर्धेचा पहिला क्रमांक कोणाला द्यावा लागेल, हे सांगावयास नको. यंत्राला मात्र पट्टी विचारावी लागत नाही आणि त्याचा तारषड्ज चिरत नाही. चिरणारा आवाज माणसाचा असतो. त्याला त्याची जागा शोधून देणे हेच तर शाळेचे काम.

म्हणून बैठकीत मी उलट सूचना मांडली आहे. मुलांनी कोणाचेही गाणे निवडावे. फक्त गाण्यापूर्वी ते कोणी लिहिले, चाल कोणाची आणि प्रथम कोणी गायिले, हे दोन वाक्यांत सांगावे. आपल्याच पट्टीत गावे. आणि आपल्याला त्यात काय उमजले ते एक वाक्यात सांगावे. आमच्या सहकाऱ्यांना शेवटची अट बालिश वाटते. असेल. निर्णय अजून व्हावयाचा आहे.

ती मुलगी आता दहावीत आहे. गेल्या पंधरवड्यात मी तिला बोलावून माझ्या त्या एका शब्दाबद्दल क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. परवा मात्र तालमीच्या खोलीवरून जाताना पेटीचा सूर ऐकू आला. आत ती होती. पद तेच होते. गुरुजींनी पट्टी दोन सुरांनी उतरविली होती, आणि अंतऱ्याशी आल्यावर ती थांबली नाही, पुढे गेली. मी दाराबाहेरच उभा राहिलो.