शहापूर : गाव म्हणायचे की शहर?

'मौजा शहापूर, तालुका भंडारा, जिल्हा भंडारा' हा पत्ता मी वर्गात फळ्यावर लिहितो आणि विचारतो, यातले शब्द कुठून आले? मौजा, तालुका, जिल्हा हे अरबीतून. शाह फारसी, पूर संस्कृत. सरपंचातला 'सर' फारसी, 'पंच' इथला. उर्दूची आणि मराठीची, दोन्ही वर्गांतली मुले चकित होतात. पण सरपंच नेमके काय करतो, हे विचारले की वर्ग गप्प. घरी मोठ्यांना विचारले तरी फार वेगळे उत्तर मिळत नाही.

नागपूरहून येताना भंडारा शहराच्या अलीकडे महामार्गावर आपले शहापूर लागते. महामार्गाचा क्रमांक आता ५३ झाला, तोंडात अजून ६ नंबरच आहे. अभियांत्रिकी महाविद्यालय गावात, जवाहरनगरची आयुध निर्माणी जवळ. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला प्लॉट पाडल्याच्या पाट्या. म्हणूनच 'नगरपंचायत झाली पाहिजे' हे वाक्य चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येते. मोहाडी, लाखनी, लाखांदूरला झाली, मग आपल्याला का नाही? ती तालुक्याची ठिकाणे आहेत, एवढा फरक बोलणारे विसरतात.

जनगणनेचा हिशेब आणखी वेगळा. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि मुख्य कामगार पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, असे गाव जनगणना 'शहरी' धरते. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ 'जनगणना नगरे' होती, २०११ मध्ये ती ३,८०० च्या वर गेली. २०२७ च्या जनगणनेत आकडा वाढेलच. म्हणजे कागदावर शहर होण्याने नळाला पाणी येत नाही.

माझे मत, नगरपंचायतीची घाई करू नये. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात, नगरपंचायतीत १७. माणसे फारशी वाढत नाहीत. मुख्याधिकारी येतो, बांधकामावर नियंत्रण येते, ते हवेही आहे, कारण प्लॉट आधी आणि नाली नंतर हा उलटा क्रम कुणीतरी थांबवायला हवा. पण जाते ती ग्रामसभा. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. खर्चाचा हिशेब तिथे तोंडावर विचारता येतो. नगरपंचायतीत ही सोय नाही, नगरसेवकाच्या दारात उभे राहावे लागते.

आणि आपण? मोहल्ल्यातला रस्ता खराब असला की आपण आमदाराला निवेदन देतो, फोटो काढतो. ग्रामसभेला मात्र जात नाही. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदा सांगतो. आपल्या आया-बहिणींपर्यंत हे पोहोचवलेच कुणी नाही. बचत गटात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बाया पंचायतीचा जमाखर्च वाचू शकणार नाहीत, असे मला वाटत नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आधी महिला सभेची तारीख पंचायतीत जाऊन विचारा. कब्रस्तानच्या वाटेवरचे दिवे, अंगणवाडीचे पाणी, जो विषय मांडायचा असेल तो सांगा. मराठीत अर्ज मी लिहून देतो.