पहाटेच्या पाखराचा फोटो



कोकणातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "परसात सकाळी उजाडता उजाडता खूप पाखरं येतात. मुलाने त्याचा जुना कॅमेरा मला दिलाय. पण फोटो एक तर काळेकुट्ट येतात, नाही तर ओल्या बोटाने पुसल्यासारखे. हे म्हणतात, फ्लॅश घेऊन टाक. घेऊ का?"

पत्र वाचलं आणि मला आमचंच घर आठवलं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुढे तीन महिने खाट सुटली नाही. मार्च-एप्रिलचे दिवस. मागच्या आंब्यावर पहाटे साडेपाचपासून एक पाखरू इतकं गोड गायचं, की त्या रोज विचारायच्या, "कोण गं हा? दिसतो तरी कसा?" त्यांच्या खाटेवरून खिडकीतून दिसायची ती फक्त शेजारची भिंत.

तो होता दयाळ. नर वरून निळसर झाक असलेला काळा, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी वर उचललेली. मादी काळ्याऐवजी राखाडी. म्हटलं, फोटो काढून दाखवते. ह्यांचा जुना कॅमेरा कपाटातून काढला आणि पहिला फोटो मोठ्या उत्साहाने त्यांच्यापुढे धरला. त्या म्हणाल्या, "कावळा वाटतं!"

फोटो काळा का येतो?

पाखरू उंच फांदीवर बसतं आणि त्याच्यामागे असतं उजळ आभाळ. कॅमेरा आभाळाचा उजेड मोजतो, त्याला वाटतं भरपूर प्रकाश आहे, आणि बिचारं पाखरू काळं पडतं. ह्यावर उपाय फुकटचा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे असं चिन्ह असलेलं एक बटण असतं. मागे आभाळ असेल तर ते अधिक एकवर न्यायचं. उलट मागे गर्द झाडी आणि पुढे पांढरं पोट असेल तर उणे करायचं, नाही तर पोटाची पिसं चुन्याने सारवल्यासारखी सपाट दिसतात. दयाळासारख्या काळ्या-पांढऱ्या पाखराच्या बाबतीत हे विशेष सांभाळा. काळ्यातलं थोडंफार नंतर उजळता येतं, पण पांढरं एकदा पार करपलं की ते कशानेच परत येत नाही.

दुसरी तक्रार पुसट फोटोची. उजेड कमी असला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. तेवढ्यात आपला हात हलतो, नाही तर पाखरू मान वळवतं. हाताचा इलाज घरात आहे. जुन्या पँटच्या पायाची थैली शिवा, त्यात दीड-दोन किलो ज्वारी भरा आणि तोंड शिवून टाका. कठड्यावर किंवा खिडकीत ही थैली ठेवून तिच्यात लेन्स जरा रुतवायची. बाजारच्या महागड्या उशीपेक्षा ही काडीइतकीही कमी नाही. (अधूनमधून उन्हात घाला हं, नाही तर पोरकिडे होतात. माझ्या पहिल्या थैलीत झाले होते!)

पण थैलीने आपला हात थांबतो, पाखराची मान नाही. म्हणून शटर निदान सेकंदाच्या अडीचशेव्या भागाइतकं तरी जलद ठेवा, आणि त्यासाठी आयएसओ बिनधास्त १६०० किंवा ३२०० करा. आयएसओ वाढवला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात, म्हणून पुष्कळ जणी घाबरतात. माझं एवढं लक्षात ठेवा : दाणे नंतर काढता येतात, हललेला फोटो सरळ करता येत नाही. लेन्सचं छिद्र जास्तीत जास्त उघडं ठेवा, म्हणजे आकडा लहानात लहान. आणि बटण दाबून धरून एका दमात सात-आठ फोटो घ्या. दयाळ दोन तानांच्या मध्ये क्षणभर अगदी स्तब्ध बसतो. त्या आठांतला एखादा त्या क्षणाचा निघतो.

फोटो घेतल्यानंतरची निगराणी

कॅमेऱ्यात 'रॉ' नावाची सोय असेल तर ती चालू करा. नेहमीचा फोटो म्हणजे कॅमेऱ्याने शिजवून वाढलेलं ताट, आणि रॉ म्हणजे निवडलेला शिधा. चव आपल्या हाती राहते. फाईल मोठी होते, पण अंधारे भाग उजळायला त्यात जास्त वाव असतो. संगणकावर डार्कटेबल हा प्रोग्राम फुकट मिळतो. नुसता मोबाइल असेल तर स्नॅपसीड पुरे.

कामाचा क्रम मात्र मोडू नका. फोडणीत आधी मोहरी, मग हिंग, तसंच हे.

१. आधी फोटो सरळ करा आणि नको तो पसारा कापा. पाखरू ज्या दिशेला बघतं, तिकडे थोडी मोकळी जागा ठेवा. फार कापू नका, कारण जितकं मोठं कराल तितके दाणे मोठे होतील.

२. मग एकंदर उजेड वाढवा, आणि त्यानंतर फक्त सावल्या. सावल्या पार उपसल्या की काळ्या पिसांचा रंग राखाडी होतो, आणि तुमच्या नराची मादी होते! काळं ते काळंच राहू द्या, फक्त डोळा आणि पिसांची ठेवण दिसली की थांबा.

३. रंग बघा. पहाटेचा फोटो निळसर येतो. जरा पिवळ्याकडे सरकवा, पण दुपारचं ऊन पडल्यासारखं करू नका. पहाट ही पहाटच दिसावी.

४. आता दाणे कमी करा. प्रमाणाबाहेर केलंत तर पाखरू मेणाचं दिसतं.

५. सगळ्यात शेवटी धार. तीही फक्त पाखराच्या डोळ्याला, चोचीला आणि पिसांना. सगळ्या फोटोला धार दिली की मागचे दाणे पुन्हा टरारून वर येतात. स्नॅपसीडमध्ये 'सिलेक्टिव्ह' आहे, त्यात बोटाने डोळ्यावर टेकवून तेवढाच भाग उजळता येतो. डोळा जिवंत झाला की निम्मा फोटो जमला.

काम झालं की फोटो तसाच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चहा घेताना पुन्हा बघा. आदल्या दिवशी घातलेलं जास्तीचं तिखट लगेच जाणवतं.

आता फ्लॅशबद्दल

इथे मला माझी चूक सांगायलाच हवी.

कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश लांब पोचत नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. फ्लॅशच्या माहितीत एक मार्गदर्शक आकडा दिलेला असतो. तो १२ धरला आणि लेन्सचं छिद्र ५.६ असलं, तर आयएसओ १०० ला तो जेमतेम सात फूट जातो, ४०० ला चौदा फूट. आंब्याच्या शेंड्यावरच्या दयाळापर्यंत तो जाणार कुठून? मला मात्र त्याचा राग आला होता. तेवढ्यात आमच्या गच्चीच्या दारावरच्या मधुमालतीत बुलबुलाने घरटं केलं. तीन अंडी. हातभर अंतरावर! म्हटलं, दयाळ नाही तर नाही, सासूबाईंना निदान बुलबुल दाखवते.

रात्री साडेआठला मादी अंड्यांवर बसलेली होती. मी दार हळूच उघडलं आणि फ्लॅश मारला. ती फडफडून उडाली ती काळोखात कुठे गेली कळलं नाही. मी दिवा बंद करून दाराआड बसून राहिले. दहा वाजले, अकरा वाजले, घरटं रिकामंच. बुलबुल दिवसाचं पाखरू, अंधारात त्याला परत वाट कशी दिसावी? ती उजाडल्यावर आली. पुढे दोन पिल्लं निघाली, तिसरं अंडं तसंच राहिलं. ते माझ्यामुळे थंड पडलं की मुळातच पोकळ होतं, हे कोण सांगणार? पण तेव्हापासून मनाला लागून राहिलंय ते राहिलंच.

सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत मध्यरात्री कोणी मशाल घेऊन शिरतं का गं?"

फोटो मी त्यांना दाखवलाच नाही. पुसून टाकला.

नंतर वाचलं, तेव्हा कळलं की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपाखरांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच धरलं आहे. म्हणजे बघा, हातात बंदूक लागतेच असं नाही. शिवाय आपण घरट्याशी वारंवार जाऊ लागलो की कावळ्याची नजरही तिकडे वळते. म्हणून माझा नियम : घरट्यावर फ्लॅश नाही, घरट्याजवळ जाऊन फांद्या बाजूला करणं नाही, आणि घुबड, पिंगळा, रातवा ह्या रात्रीच्या पाखरांच्या तोंडावरही फ्लॅश नाही. त्यांचे डोळे अंधारासाठीच केलेले.

मग फ्लॅश कधी वापरायचा? दिवसा, घरट्यापासून दूर, पाण्याच्या भांड्यावर येणाऱ्या सरावलेल्या पाखरावर सावली पडली असेल तर, अगदी चिमूटभर. फ्लॅशची ताकद उणे एक ते उणे दोनपर्यंत कमी करा आणि त्याच्यापुढे पातळ पांढरा कागद धरा. अशाने डोळ्यात बारीकशी चमक येते, बाकी उजेड दिवसाचाच राहतो. पूर्ण ताकदीने मारलात तर मागचं सगळं काळं पडतं, आणि भर सकाळी पाखरू मध्यरात्रीचं वाटतं. आणि एकदा दचकलं की पुरे. पुन्हा मारायचा नाही.

शेवटी दयाळाचं काय झालं?

मी पाखराला उजेडात आणायचं ठरवलं. अंगणात जिथे साडेसहाला पहिलं ऊन पडतं, तिथे पाण्याचं मातीचं परळ ठेवलं आणि शेजारी एक वाळकी फांदी रोवली. स्वतः न्हाणीघराच्या खिडकीत, ऊन पाठीशी घेऊन, ज्वारीच्या थैलीवर कॅमेरा. पहिले नऊ दिवस फक्त चिमण्या आणि साळुंक्या. दहाव्या दिवशी तो आला, फांदीवर बसला, शेपटी उचलली. शटर पाचशेवा भाग, आयएसओ १६००, फ्लॅश नाही. वर सांगितल्या क्रमाने अर्धा तास बसून फोटो नीट केला आणि दुकानातून आठ बाय दहाचा छापून आणला.

सासूबाईंनी चष्मा लावला, फोटो जवळ घेतला, लांब धरला. म्हणाल्या, "एवढासाच? आणि आवाज केवढा!" मग तो समोरच्या कपाटाच्या दारावर चिकटवायला लावला. आता त्या काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, पण फोटो अजून तिथेच आहे.

तेव्हा कोकणातल्या माझ्या भगिनी, फ्लॅशचे पैसे तूर्त बाजूला ठेवा. आधी थैली शिवा, परळ मांडा आणि दहा दिवस वाट बघा. फोटो जमला की मला कळवा. आणि परसात कुठे घरटं दिसलं, तर दार हळूच लावून घ्या.