घर आमचे, उतारा कोणाचा?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आमच्या वाडवडिलांनी केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दगड, माती, लाकूड आणि मजुरी एवढीच अडचण होती. आज ती म्हण कोणी नव्याने करावयास बसला तर त्यास उतारा, नकाशा, दाखला, पोच, हप्ता, जामीन असे आठ-दहा शब्द तीत घालावे लागतील, आणि म्हण इतकी लांबेल की ती कोणाच्याच तोंडी बसणार नाही. सुगी आटोपली, हातात दोन पैसे आले, आता पावसाळ्याच्या आत चार भिंती उभ्या कराव्या असे ज्यांनी मनात घेतले आहे, त्या आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांशी ह्या विषयावर आज थोडे मोकळेपणाने बोलावयाचे आहे.

आमच्या ओळखीचा एक सुतार आहे. गावातील निम्म्या घरांची दारे-चौकटी त्याच्या बापाच्या आणि आज्याच्या हातच्या. त्याचे स्वतःचे घर मात्र मागच्या पावसात एका अंगाने बसले. नव्या घरासाठी कर्ज मागावयास तो बँकेत गेला. तेथे त्यास जागेच्या मालकीचा उतारा विचारला. तो तलाठ्याकडे गेला. (सरकारने २०२४ साली तलाठ्यास 'ग्राम महसूल अधिकारी' असे लांबलचक नाव दिले, नाव लांबले म्हणून रांग आखूड झाली असे आमच्या ऐकिवात नाही.) तलाठी म्हणाले, 'गावठाणातील जागेस सातबारा नसतो, ग्रामपंचायतीत जा.' ग्रामपंचायतीने नमुना ८ चा उतारा दिला. तो घेऊन गडी पुन्हा बँकेत गेला, तर साहेब म्हणाले, 'हा घरपट्टीचा कागद. ह्याने मालकी ठरत नाही.' चार पिढ्या ज्या जागेत चूल पेटली, ती जागा त्याची आहे असे सांगणारा कागद सबंध सरकारात कोठेच निघेना!

ह्यात कोणा एका कारकुनाचा दोष काढून भागणार नाही. मुळाशी गेले पाहिजे. आमच्या गावाचे जुने भाग दोन : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. इंग्रज सरकारने गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात जमिनीची पाहणी केली ती साऱ्यासाठी. सारा येत होता काळीतून. म्हणून काळीचा बांध न् बांध मोजला आणि पांढरीभोवती एक रेघ ओढून तिला गावठाण म्हटले. रेघेच्या आत कोणाचे घर किती लांब-रुंद, ते लिहून ठेवण्याची गरज त्या सरकारास भासली नाही. पाटलाने आणि गावाने दाखविलेल्या जागेवर कुंभार, लोहार, न्हावी, महार, मांग आपापली घरे बांधून राहिले. शब्दावर गाव चालत होता तोवर हे निभले. पुढे १९६६ च्या जमीन महसूल कायद्याने दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावठाणांची मोजणी करण्याची सोय ठेवली, त्यामुळे काही मोठ्या गावांतील लोकांस मिळकत पत्रिका मिळाल्या. लहान गावे राहिली ती राहिलीच.

कागद ज्याच्या दप्तरात, त्याच्या हाती दुसऱ्याचे घर. ही गोष्ट आमच्या लोकांस नवी नाही. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९१८ साली कुळकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले, ते ह्याच दुखण्यावर औषध म्हणून. दप्तर गावाचे झाले, परंतु पांढरीचे पान त्या दप्तरात कोरेच होते.

ते पान भरण्याचे काम अलीकडे सुरू झाले आहे. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी ड्रोन उडवून गावठाणाची मोजणी करून पाहिली, आणि २४ एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारने 'स्वामित्व' ह्या नावाने तीच गोष्ट हाती घेतली. हिच्यातून घरमालकास सनद व मिळकत पत्रिका मिळते. आम्ही ह्या योजनेचे स्वागत करतो, पण डोळे मिटून नव्हे. मोजणीच्या आधी प्रत्येकाने आपल्या हद्दीवर चुन्याची रेघ मारावयाची असते, मग ड्रोन वरून चित्र घेतो. त्या दिवशी जो ऊसतोडीला किंवा मुंबईस गेला असेल त्याची रेघ कोण मारणार? शेजारी! आणि शेजाऱ्याचा हात आपल्याच बाजूस सढळ पडतो, हे सांगावयास ज्योतिषी नको. म्हणून मोजणीची दवंडी वा नोटीस आली की घरातील एक जाणते माणूस गावात पाहिजेच. कच्चा नकाशा लागला की आपले अंगण, परसू, गोठा, भट्टी, कोळशाची खोप हे सर्व आत आले की नाही ते पाहावे, आणि चूक असल्यास मुदतीत लेखी हरकत द्यावी. एकट्या थोरल्या भावाचे नाव लागले व धाकटे दोघे राहिले, असे झाले तर पुढे कोर्टाची पायरी चुकत नाही. घरच्या लक्ष्मीचे नावही त्याच वेळी लावून घ्यावे. घर सारवते ती, पण घर विकावयाचे झाल्यास तिला विचारावे लागत नाही, ही रीत मोडण्यास यापेक्षा सोपी संधी नाही.

आता परवानगीचे पाहू. ग्रामपंचायतीच्या हद्दीत घर बांधावयाचे तर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे पंचायतीची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि पंचायतीने ठरल्या मुदतीत हो-ना कळविले नाही तर परवानगी मिळाली असे धरण्याची सोयही त्याच कलमात आहे. परंतु मुदत मोजावयाची कोठून? अर्ज दिल्याच्या तारखेपासून. आमचा शेतकरी सरपंचास चावडीवर तोंडी सांगतो, 'अण्णा, पाया खोदतोय बरं का', आणि अण्णा मान डोलावतात. निवडणूक झाली, अण्णा गेले, नवे आले आणि त्यांनी नोटीस काढली की अण्णांची मान पुराव्यात दाखल करता येत नाही. अर्ज लेखी द्या, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही व तारीख घ्या, आणि ती प्रत लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात न टाकता पेटीत ठेवा. राज्य सरकारने २०२१ साली असेही जाहीर केले की गावठाणातील सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरास मालकीचा कागद, नकाशा आणि जाणकार अभियंत्याचा दाखला पंचायतीत देऊन व शुल्क भरून काम सुरू करता येईल, आणि ३२०० चौरस फुटांपर्यंत नगररचना खात्याकडे खेटे घालावे लागणार नाहीत. आमच्या लोकांची घरे बहुधा ह्याच मापातली. तेव्हा 'तालुक्याहून मंजुरी आणून देतो, पाच हजार ठेवा' म्हणणारा कोणी भेटला तर त्यास आधी नियम दाखवा म्हणावे.

शेतात घर बांधणाऱ्यांची गोष्ट निराळी. गावठाण भरले, पोरे वाढली, म्हणून रस्त्याकडेचा गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधावे असे पुष्कळांस वाटते. येथे १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. २०२३ साली जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे अशी माने ठरली. त्याहून लहान तुकड्याचे खरेदीखत सहजी होत नाही. मग शंभराच्या मुद्रांकावर नोटरीपुढे लिहून घेतात, पैसे देतात, घर बांधतात, आणि सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचेच राहते. त्याची पोरे कर्ज काढतात ते ह्याच जमिनीवर! ह्या फासातून घरकुलवाल्यांस सोडविण्यासाठी २०२४ साली सरकारने नियम केला की घरकुलाच्या लाभार्थ्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने १००० चौरस फुटांपर्यंत जागा घेता येईल. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांतील जमिनीस बिनशेतीचा सारा व रूपांतराचा कर भरून घर बांधण्याची वाटही जमीन महसूल कायद्यात ४२-ड कलम घालून करून दिली गेली. हे नियम वरचेवर बदलतात, २०२५ सालीही त्यांत फेरफार झाले. तेव्हा विसार देण्यापूर्वी तहसिलीत आजचा नियम विचारावा, मागच्या वर्षीचा नव्हे.

ह्यानंतर पैसा. येथे आम्हांस सरकारशी दोन शब्द कडक बोलणे भाग आहे. इंदिरा आवास योजनेचे रूप पालटून २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना आली. तिच्यात सपाटीच्या मुलखात १ लाख २० हजार व डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले, आणि घर निदान २५ चौरस मीटरांचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असावे असेही ठरले. भागाकार करून पाहा : चौरस फुटास साडेचारशे रुपयेही पडत नाहीत. ह्या भावात घर बांध म्हणून कोणा गवंड्यास सांगितले तर तो थापी खाली ठेवून आपल्या तोंडाकडे पाहील. योजना २०२९ पर्यंत लांबविली, परंतु केंद्राचा आकडा २०१६ चा तोच राहिला. सिमेंट आणि लोखंड मात्र २०१६ सालात थांबून राहिले नाहीत. आमच्या राज्याने २०२५ साली ५० हजारांची भर घातली, पैकी १५ हजार छपरावरच्या सूर्यविजेसाठी. आणि घरकुलास पाच ब्रास वाळू फुकट देण्याचेही ठरविले. त्याबद्दल आभार. मात्र वाळूचा कागद हाती आणि वाळू नदीत, असे होऊ नये.

आणि हे पैसे मिळतात कोणास? २०२४ च्या सुधारलेल्या कसोट्या पाहिल्या की हसावे की रडावे कळत नाही. दुचाकी, शीतकपाट यांच्या अटी काढल्या हे ठीक केले. पण ज्याच्या किसान कार्डाची मर्यादा ५० हजार वा अधिक, तो बाद! म्हणजे ज्यास कर्ज मिळू शकते तो श्रीमंत, असा हा हिशेब. पाच एकर कोरडवाहू ज्याच्या नावावर, तोही बाद. माण-खटावच्या माळावरील पाच एकरांत वर्षाकाठी काय निघते, हे कसोटी लिहिणाऱ्याने एक उन्हाळा तेथे राहून पाहावे, मग लेखणी उचलावी. कारागिराची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्याकडे एकरही नाहीत आणि पगाराचा दाखलाही नाही. यादीत बसला तर जागेचा उतारा नाही, आणि उतारा मिळाला तर यादी बंद झालेली.

अनुदान हप्त्यांनी येते, आणि मागले काम झाल्याचा फोटो चढल्याशिवाय पुढला हप्ता सुटत नाही. म्हणून जोत्यापासून छपरापर्यंतची मधली वाट उसन्या पैशावर चालावी लागते, आणि नेमका तेथेच सावकार उभा असतो. १८७५ साली सुप्याच्या बाजारात आमच्या कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले, कारण रोख्यात काय लिहिले आहे ते त्यांस कधी कळू दिले गेले नव्हते. आजचा रोखा मराठीत असतो, तरी त्यातली गोम आकड्यात असते. समजा लाख रुपये पाच वर्षांसाठी बारा टक्क्यांनी घेतले. फिटेल तितके मुद्दल वजा करून उरलेल्यावर व्याज धरले तर महिना हप्ता सुमारे २,२२४ रुपये व एकूण व्याज साडेतेहेतीस हजारांच्या आत. परंतु सबंध लाखावर पाचही वर्षे सरसकट बारा टक्के धरले, तर हप्ता २,६६७ आणि व्याज साठ हजार! तोंडाने दोघेही 'बारा टक्के'च म्हणतात; दुसऱ्याचे खरे बारा म्हणजे विसाच्या वर. सही करण्याआधी एकच प्रश्न विचारावा : व्याज घटत्या मुद्दलावर की सरसकट? आणि उत्तर कागदावर मागावे.

बचत गटाच्या नावाखाली दारावर येणाऱ्या कंपन्यांसही रिझर्व्ह बँकेने २०२२ साली लगाम घातला आहे : तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरास दिलेल्या ह्या कर्जाला तारण मागता येत नाही, सर्व कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक मिळकतीच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत, आणि लवकर फेडल्यास दंड नाही. बँकेत गहाण ठेवलेले मूळ कागद कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत, विलंबास दिवसाला पाच हजार भरपाई, हा २०२३ चा हुकूम आहे. बिनपरवाना सावकाराने घशात घातलेली जमीन वा घर पंधरा वर्षांपर्यंत मागे जाऊन परत मिळविण्याची तरतूद २०१४ च्या सावकारी कायद्यात आहे; अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करावयाचा.

आमच्या मते गावाने येत्या ग्रामसभेतच हा विषय घ्यावा. गावठाणाची मोजणी झाली की नाही, सनदा वाटल्या की कपाटात आहेत, घरकुलाच्या यादीत कोण व का गळले, हे नाव वाचून विचारावे, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने दिलेले उत्तर इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्यावे. नमुना ८ चा उतारा हा लोकसेवा हक्काच्या २०१५ च्या कायद्याखाली ठरल्या दिवसांत मिळावयाचा आहे. न मिळाल्यास अपील करता येते. तो सुतार अजून ताडपत्रीखाली राहतो. त्याच्या गावची मोजणी झाली आहे, सनद निघावयाची आहे. ज्या वाचकांच्या गावी अशीच स्थिती असेल त्यांनी अर्जाची तारीख, पोचेची नक्कल आणि आजवर किती दिवस गेले ते आम्हांस कळवावे. गावागावांचे हे दिवस आम्ही पुढील अंकापासून ओळीने छापणार आहोत.