खोकं नातवाला, खुर्ची आजीला?

हल्ली आमच्या नातेवाइकांत एक प्रश्न फार फिरतोय. टीव्हीसमोर उड्या मारत, हात फिरवत खेळायचा तो व्हिडिओ गेम पोरांसाठी घेऊ का? म्हणजे व्यायाम होईल, मेंदू तल्लख होईल, आणि वर पोरगं डोळ्यांसमोर राहील! विचारणाऱ्यांत मामा आहेत, दोन मावसबहिणी आहेत, कॉलेज रोडवरचे एक मित्रही आहेत. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहून टाकतो. राग आला तर हक्काने शिव्या घाला, पण शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. हे खेळ वाईट नाहीत. आपण ते चुकीच्या पिढीच्या हातात देतोय.

आधी पोरांचं बघू. हा प्रकार काही नवा नाही. जपानी कंपनी कोनामीचा पायांनी खेळायचा नाचाचा खेळ १९९८ मध्ये आला, निन्टेन्डोचा 'वी' २००६ मध्ये, मायक्रोसॉफ्टचा 'किनेक्ट' २०१० मध्ये (आणि त्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलंही). म्हणजे अभ्यास व्हायला भरपूर वेळ मिळालाय. २००७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. निष्कर्ष असा, की 'वी' खेळताना मुलांची ऊर्जा बसून खेळण्यापेक्षा जास्त खर्च होते, पण तोच खेळ खरोखर खेळण्यापेक्षा कमी. २०१२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या संशोधकांनी याहून सरळ परीक्षा घेतली. काही मुलांना हालचालीचे गेम दिले, काहींना बसून खेळायचे, आणि त्यांची दिवसभराची हालचाल मोजली. दोन्ही गटांत काहीच फरक पडला नाही!

मला याचं फारसं नवल वाटत नाही. सोफ्यावर बसून नुसतं मनगट हलवूनही टेनिस जिंकता येतं, हे पोरांना दुसऱ्याच दिवशी कळतं. आट्यापाट्यात ही लबाडी चालत नाही. तिथे समोरच्याचा डोळा वाचायचा, हूल द्यायची, पाटी ओलांडायची, आणि फसलात तर बाद. लगोरीतही तेच. पाय, नजर, अंदाज, भांडण आणि समेट, सगळं एका वेळी. मेंदूला खाद्य हवंय ना? हे घ्या. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगतेय, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दमदार हालचाल करावी. नाशकात त्यासाठी अजून मैदानं आहेत. संध्याकाळी पोराला तिथवर नेऊन सोडायचा आपल्याला कंटाळा आहे, म्हणून खोकं हवंय. तेवढं मान्य करा.

आता आजी. घरोघरचं चित्र तुम्हाला ठाऊक आहे. "आई, तुम्ही बसा हो, पडाल." "मावशी, गच्चीत नका जाऊ." हे सगळं प्रेमानेच चाललेलं असतं. पण या प्रेमाने माणूस खुर्चीला बांधला जातो. मग दोन वर्षांनी ती नावं विसरायला लागली, की आपण सुडोकूचं पुस्तक आणून देतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ बदलता येण्याजोगे धोके मोजले, त्यात बैठं आयुष्य आहेच.

आणि इथेच हे खेळ कामाचे ठरू शकतात. २०१२ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या संशोधकांनी वृद्धांच्या वसाहतींत एक प्रयोग केला. काहींना जागेवर चालवायची साधी सायकल दिली, काहींना तीच सायकल पडद्यावरचे रस्ते आणि शर्यतीसह. तीन महिन्यांनी पडद्यावाल्या गटाची नियोजनाची, लक्ष टिकवण्याची क्षमता अधिक सुधारलेली दिसली, आणि दोन्ही गटांची मेहनत मात्र साधारण सारखीच होती. शेवटपर्यंत टिकले ६३ जण, म्हणजे अभ्यास छोटा. यावरून "गेम खेळा, स्मृतिभ्रंश टाळा" असं कुणी विकायला आलं तर दार लावून घ्या. बसून खेळायच्या मेंदूच्या खेळांबद्दल असाच गाजावाजा करणाऱ्या 'ल्युमॉसिटी'च्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत वीस लाख डॉलर मोजावे लागले होते.

पण दिशा पटण्यासारखी आहे. शरीर हलत असतानाच डोक्याला काम द्यायचं. ज्या बाईला नाशिकच्या मे महिन्यात बाहेर पडवत नाही, जिला पार्क केलेल्या दुचाक्यांनी भरलेल्या फूटपाथची भीती वाटते, तिच्यासाठी घरातलं असं खोकं ही चैन नव्हे. भिंतीजवळ उभं करा, आधाराला जड खुर्ची ठेवा, तोल जात असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पण उठवा!

"या वयात तिला गेम?" असं म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. मंगळागौरीचे खेळ काय होते? फुगडीत तोल, झिम्म्यात ताल आणि टाळी, शिवाय गाण्यांचे शब्द पाठ. रात्रभर! आपल्या आज्यांना हे व्यायाम वाटले नाहीत आणि औषधही वाटलं नाही. आपण मात्र ते रंगमंचावरच्या स्पर्धेला आणि फोटोला ठेवलं, आणि आजीला प्रेक्षकांत बसवलं.

मामा, तुम्हाला खोकं घ्यायचंच असेल तर मामींसाठी घ्या, आणि पोराला बाहेर हाकला. पैसे नसतील खर्चायचे तर त्याहून सोपं सांगतो. संध्याकाळी गच्चीत दोघांनी हळूहळू चालत चालत भेंड्या लावा. अक्षर शोधताना पाय थांबले की डाव गेला. खर्च शून्य. पावसाळ्यात हॉलमध्येही जमतं.

पटलं नसेल तर भांडायला घरी या. पण येताना आजीला सोबत आणा, आणि आल्या आल्या तिला "बसा" म्हणू नका.