स्वरांचे माप

सोन्याच्या वजनात गुंजभर फरक पडला, तर सराफाचा काटा तो दाखवतो. स्वरातील तितकाच सूक्ष्म फरक कशाने मोजावा? शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सांगली-साताऱ्याच्या परिसरात काही जिज्ञासूंनी हाच प्रश्न हाती घेतला.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या पडताळण्यासाठी एक वीणा अचल ठेवून दुसरी क्रमाक्रमाने उतरवण्याची रीतही तेथे दिली आहे. प्रचलित पेटीत मात्र सप्तकाला बाराच स्वर. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातील स्वर तारेच्या लांबीवरून मोजले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनीही हाच ध्यास घेतला. त्यातून श्रुतींची पेटी तयार झाली.

१९१६ च्या बडोदा येथील संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला. पुढेही ती रूढ झाली नाही. खाँसाहेब मिरजेत स्थिरावले आणि १९३७ मध्ये निवर्तले. पेटी मागे पडली, पण त्यांच्या सुरेलपणाची कीर्ती कायम राहिली. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी आजही कानानेच लावतात.

मापाचा उपयोग मोठा आहे. परंतु ते माप खरे की खोटे, हे शेवटी साधनेने घडलेला कानच ठरवतो.